सांग तुझ्या बाबांना

निवृत्त होऊन मला आता काही वर्षं झाली, तरी लग्नकार्यात कोणी ना कोणी मला कोपऱ्यात गाठतंच. हातात आइस्क्रीमची वाटी, आवाज खाली आणलेला, आणि प्रश्न ठरलेला. "तुम्ही त्या वेड्यांच्या दवाखान्यात होतात ना?" पूर्वी मी समजावून सांगायचे. आता नुसतं "हो" म्हणते आणि आइस्क्रीम खाते, कारण पुढचं वाक्य मला पाठ आहे. "आमच्या शेजारी एक आहेत, त्यांच्या मुलाचं जरा..." शेजारी कोणी नसतं. मुलगा घरातलाच असतो, आणि बहुतेक वेळा तो दोन टेबलं सोडून गुलाबजाम खात बसलेला असतो.

आता लिहायलाच बसले आहे तर एकदा नीट सांगून टाकते. मी पूर्व उपनगरातल्या एका सरकारी इस्पितळात, मानसोपचार विभागात समाजसेविका होते. डॉक्टर पेशंटला तपासायचे, गोळ्या लिहून द्यायचे आणि म्हणायचे, "जाताना मॅडमना भेटून जा." त्या मॅडम म्हणजे मी. माझं काम घरच्यांशी बोलायचं. घरात कोण कोण आहे, कोण कोणाशी बोलतं, पेशंटला गोळी कोण देतं आणि देताना काय म्हणतं. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. "घे, तुझी वेडाची गोळी घे," असं म्हणून दिलेली गोळी पुढच्या आठवड्यात पेशंट खिडकीतून खाली टाकतो, आणि मग सगळं घर मिळून डॉक्टरांना नावं ठेवतं.

माझी खोली म्हणजे एका मोठ्या खोलीचा पार्टिशन घातलेला तुकडा. एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि आवाज जास्त नि वारा कमी देणारा पंखा. खोलीत नियम एकच होता. ज्याला विचारलं त्यानंच उत्तर द्यायचं. एवढा साधा नियम माझ्या अख्ख्या नोकरीत धड पाळला गेला नाही.

"नाव काय गं तुझं?" मी मुलीला विचारायचे. आई म्हणायची, "स्नेहल."

"झोप लागते का?" बाबा म्हणायचे, "लागते ना, मोबाइल सोडला तर लागते."

"मी तिला विचारलं."

"हो हो, तिलाच विचारा, तिलाच विचारा," असं दोघंही म्हणायचे आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर मावशी द्यायची. पेशंटबरोबर मावशी आलेली असतेच. ती का आली हे कोणालाच माहीत नसतं.

शिकलेल्यांची तऱ्हा निराळी. पवईहून एक इंजिनियर आले होते, बायकोला घेऊन. बरोबर लॅपटॉप. बायकोच्या मनःस्थितीवर त्यांनी स्लाइड्स बनवून आणल्या होत्या. रंगीत रेघा, वर-खाली जाणारे बाण. पाच-सहा स्लाइड्स मी सहन केल्या आणि बाईंकडे वळून विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" साहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाई शांतपणे नवऱ्याला म्हणाल्या, "पुढची स्लाइड घे ना. मला काय वाटतं ते त्यात आहे."

त्या बाई नंतर बऱ्या झाल्या. गोळ्यांनी झाल्या की लॅपटॉप बंद ठेवायला लावल्यामुळे, ते सांगता येणार नाही.

पण मला लिहायचंय ते परबांबद्दल. नाव अर्थातच बदललं आहे. घाटकोपरला राहणारं कुटुंब. नवरा, बायको आणि एकुलती एक मुलगी रुचिता. परब पवईच्या एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टच्या देखभालीचं काम करायचे, नुकतेच निवृत्त झाले होते. परबबाई लग्न होऊन मालवणकडून मुंबईत आलेल्या. रुचिता बालवाडीत शिकवायची. तिचं बोरिवलीच्या एका मुलाशी लग्न ठरलं होतं, आणि एका सकाळी ती उठली ती आवाज नसलेलीच.

सर्दी नाही, ताप नाही. बोलायला गेली की नुसता वारा. कानाला तोंड लावून कुजबुजायची, तेवढंच. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, स्वरतंतू ठणठणीत. आणि खोकली की मात्र खोकल्याला चांगला खणखणीत आवाज. असं असलं की घशाचे डॉक्टर आमच्याकडे पाठवतात. कारण यंत्र शाबूत आहे, फक्त बोलण्यासाठी ते चालायला तयार नाही.

यालाच घरचे नाटक म्हणतात. परबांची मोठी बहीण, मुलुंडची आक्का, हिनं तर फोनवरून निदानही करून टाकलं होतं. पोरीला लग्न नकोय, म्हणून सोंग घेतलंय. परब मला म्हणाले, "मॅडम, नाटक असेल तर तसं सांगा. आम्ही बघून घेऊ." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. नाटक करणारा माणूस खोकतानासुद्धा सांभाळून खोकतो. आणि ज्या मुलीची नोकरी बोलण्यावर आहे, ती कशाला असलं नाटक करेल? ती वर्गात कुजबुजायची म्हणून तिची सगळी चिमुरडी पोरंही कुजबुजायला लागली होती. मुख्याध्यापिकांनी तिला रजेवर पाठवलं होतं आणि सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत वाट बघते, नंतर मला दुसरी बाई नेमावी लागेल. मुलाकडचे फोन करून विचारत होते, मुलगी फोनवर का येत नाही? त्यांना काय सांगायचं, ते घरात कोणालाच सुचत नव्हतं. नोकरी आणि लग्न, दोन्ही एका घशात अडकलं होतं.

पहिल्या दिवशी तिघं आत आले आणि बसले. मी कोणाला कुठं बसायचं ते कधीच सांगत नसे. माणसं बसतात तिथूनच अर्धं कळतं. एका टोकाला परब, दुसऱ्या टोकाला परबबाई, मध्ये रुचिता. मी घशाच्या डॉक्टरांचा रिपोर्ट मागितला. परबबाई मुलीला म्हणाल्या, "रुचू, सांग तुझ्या बाबांना, रिपोर्ट त्यांच्या पिशवीत आहे, तो दे म्हणावं."

परब हातभर अंतरावर बसले होते. त्यांना काही बहिरेपण नव्हतं. पण ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. रुचिता त्यांच्याकडे वळली, आवाज नसलेले ओठ हलवले, तेव्हा त्यांनी पिशवीत हात घातला.

मी विचारलं, "तुम्ही एकमेकांशी बोलत नाही का?"

"बोलतो की," परब म्हणाले.

"भांडण नाही हो आमच्यात," परबबाई म्हणाल्या, आणि वर अभिमानानं, "आमच्या घरातून कधी मोठा आवाज बाहेर गेला नाही. बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा."

मग हळूहळू बांगडा बाहेर आला. रुचिता शाळेत होती तेव्हाची गोष्ट. मुलुंडची आक्का जेवायला आली होती. परबबाईंनी बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट दाट कालवण केलं होतं आणि त्यात माशाचा वास मारणारी तिरफळं घालायची राहून गेली. तिरफळाशिवाय बांगडा म्हणजे मालवणी माणसाला काय वाटतं, ते मी पार्ल्याची असूनही आता मला माहीत आहे. परबांनी घास घेतला, ताट पुढे सारलं आणि बहिणीसमोर म्हणाले, "हे काय कालवण आहे?" आक्का हसली. परबबाईंनी ताट उचललं आणि सांगितलं, आजपासून मी तुम्हाला काही विचारणार नाही.

हे मला सांगताना त्यांची इस्पितळातली मराठी सुटली. "मी तेवाच सांगितलंय, ह्येच्या पुढे तुमका कायएक विचारूचंय नाय. आणि नाय इचारलंय."

"ती विचारत नाही, तर मी सांगू कोणाला?" परब म्हणाले.

झालं. ही विचारणार नाही, तो विचारल्याशिवाय सांगणार नाही. आणि घर तर चालवायचं होतं. दूध, लाइट बिल, गावची पूजा, कोणाचं बारसं. मग मध्ये मुलगी. सांग तुझ्या बाबांना, सांग तुझ्या आईला. कोकणातल्या घरातला हा जुना अबोला मी पुष्कळ पाहिला आहे. तो चार-आठ दिवसांचा असतो, गणपतीत नाहीतर मे महिन्यात गावी जाताना मोडतो. यांनी तो संसारासारखा चालवला होता. टापटीप, न चुकता.

मी दोघांना बाहेर बसवलं आणि रुचिताला एकटीला विचारलं. ती कुजबुजत होती, मी टेबलावरून पुढे वाकून ऐकत होते. म्हणाली, "मी निरोप जसाच्या तसा नाही द्यायचे. बाबा म्हणायचे, तिला मीठ कळत नाही का? मी आईला सांगायचे, बाबा म्हणतायत भाजी मस्त झालीय, मीठ किंचित कमी चालेल."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

शाळकरी पोर दोन मोठ्या माणसांचा संसार शब्द बदलून बदलून टिकवत होती, आणि ते दोघं आपल्या घरात आवाज चढत नाही म्हणून खूश होते. मला अक्षरशः बाहेर जाऊन दोघांना खांद्याला धरून हलवावंसं वाटलं. मी तिला विचारलं, आवाज गेला त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? लग्नाची तारीख ठरली होती. मुलगा आवडतो का? आवडतो, खूप. मग?

ती म्हणाली, "मी गेल्यावर ह्यांचं कसं होणार?"

तुम्हाला वाटेल, एवढं कळलं म्हणजे काम झालं. सिनेमात होतं तसं. आमच्याकडे नाही होत. कारण माणूस आजारी पडतो एक, आणि सवय असते तिघांची. पुढच्या खेपेला कळलं की आवाज गेल्यावरही निरोप थांबले नव्हते. परब बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसून मुलीला व्हॉट्सॲप करायचे, 'आईला सांग, चहा.' मुलगी उठून आत जायची आणि चहाची खूण करायची. परबबाई आतून लिहायच्या, 'बाबांना सांग साखर संपली.' तिघांचा एक ग्रुपही होता, 'परब फॅमिली' नावाचा. त्यावर नवरा-बायको फक्त देवाचे फोटो टाकायचे. आणि एवढं करून मलाच विचारायचे, "मॅडम, पोरीचा आवाज अजून येत नाही. गोळी बदलून बघायची का?"

तिसऱ्या की चौथ्या खेपेला माझा तोल गेला. परब मला म्हणाले, "मॅडम, हिला जरा सांगा, मुलाकडच्यांना काय कळवायचं ते आधी ठरवू दे." मी म्हटलं, तुम्ही सांगा, शेजारी बसल्यात. परबबाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच त्यांना सांगा, ते ठरवतील तसं." मग परत परब, "तिला म्हणावं..." आणि माझ्या लक्षात आलं की मुलीचा आवाज गेला म्हणून या दोघांनी तिच्या जागी माझी नेमणूक केली आहे. सरकारी पगारावर.

"मी तुमची पोस्टवाली नाही," मी म्हटलं. बरंच मोठ्यानं म्हटलं असणार, कारण पार्टिशनच्या वरून नर्सचं डोकं दिसलं. "परब, एक सांगा. लिफ्टमध्ये माणसं अडकली की तुम्ही आधी काय करायचात?"

परब गोंधळले. पण कामाचा विषय निघाल्यावर त्यांची पाठ ताठ झाली. "आधी बोलायचं, मॅडम. दरवाजा नंतर. बाहेरून आवाज देत राहायचं. मी आहे, लाइट येतेय, पाणी आहे का, काय काम करता, काहीपण. आतला माणूस घाबरून गप्प झाला की त्याची हालत खराब होते. तो काही विचारो न विचारो, आपण बोलत राहायचं."

"तो विचारो न विचारो?"

"हां, मग."

"परक्या माणसांशी?"

परबबाईंनी पदर नीट केला. खोलीत त्या पंख्याचाच काय तो आवाज. मी आणखी काही बोलले नाही, कारण मला राग आला होता आणि रागात मी जास्त बोलते.

मग मी रुचिताला सांगितलं, आजपासून एकही निरोप न्यायचा नाही. कुजबुजून नाही, खुणेनं नाही, मोबाइलवर नाही. आणि तो ग्रुप आत्ता, माझ्यासमोर सोड. तिनं मोबाइल काढला, आईकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि सोडला.

"अरे, मग ग्रुपमध्ये राहिलं कोण?" परब म्हणाले.

"तुम्ही दोघं," मी म्हटलं.

पुढचे दिवस वाईट गेले. ग्रुपवर देवाचे फोटोसुद्धा बंद झाले. घरात साखर संपली तर संपलेलीच राहिली. आक्का मुलुंडहून रोज फोन करून तेल ओतत होती. परबबाई एकट्याच माझ्याकडे आल्या आणि तक्रार केली, "मॅडम, पोरगी काय ऐकत नाही हो. निरोपच नेत नाही." मी म्हटलं, मीच सांगितलंय तिला. त्या म्हणाल्या, "ते माहीत आहे. पण असं किती दिवस?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला, ज्याला विचारायचा त्याला नाही. दिवाळी तोंडावर आली होती. शाळेतून एकदा फोन येऊन गेला होता. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटायला लागली होती. पोरीची नोकरी जाईल, लग्न मोडेल, आणि हे दोघं अशा दोन टोकांना बसून तिला बरोबर मधोमध ठेवतील.

आणि मग एका रविवारी परब बाजारातून आले. हे मला रुचितानं नंतर सांगितलं. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली, बाहेर येऊन सोफ्यावर बसले आणि मोबाइल काढून कितीतरी वेळ काहीतरी टाइप करत राहिले. आत स्वयंपाकघरात परबबाईंचा मोबाइल वाजला. दोघांच्याच त्या ग्रुपवर नवऱ्याचं वाक्य आलं होतं. 'आज बांगडे आणले आहेत. तिरफळं पण आणली आहेत.'

कोणी विचारलं नव्हतं. तरी सांगितलं होतं.

परबबाईंच्या एका हातात बांगडा, टाइप करता येईना. त्यांनी मोबाइल तोंडाशी धरला आणि आवाजातच उत्तर पाठवलं. बाहेर परबांनी ते लावलं, आणि ते मोठ्यानं सुरू झालं. सगळ्या घराला ऐकू गेलं. "दिसतत. डोळे आसत माका."

रुचिता दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी होती. ती हसली. आणि हसली ती आवाजासकट, खदखदून. परब सोफ्यावरून उठले, परबबाई हातातला बांगडा तसाच घेऊन बाहेर आल्या, आणि दोघंही तिच्याकडे बघत राहिले. हसता हसता ती रडायला लागली, आणि रडण्यालाही आवाज होता.

बोलणं काही त्याच दिवशी आलं नाही. आमच्याकडे वाचा-उपचाराच्या बाई होत्या, त्यांनी तिच्याकडून खोकल्याचा, हुंकाराचा आवाज काढून घेतला, त्याला एक एक शब्द जोडला. मध्ये आक्का घरी येऊन गेली तेव्हा आवाज परत गेला आणि दोन दिवसांनी आला. पण दिवाळीआधी ती वर्गात उभी राहून पोरांना गाणी म्हणायला लावत होती.

शेवटच्या खेपेला तिघं आले. बसले मात्र वेगळे. परब आणि परबबाई शेजारी, रुचिता टोकाला. प्रेमानं नव्हे. त्यांचा काहीतरी वाद चालला होता, हॉलच्या भाड्यावरून की कशावरून. इतके दिवस साठवलेलं सगळं आता थेट एकमेकांवर निघत होतं. परब मला म्हणाले, "मॅडम, बिल्डिंगमधले विचारायला लागले, तुमच्याकडे भांडणं कसली चालतात म्हणून." तक्रार होती की कौतुक, कळलं नाही. मी मात्र खूश झाले.

मग मी रुचिताकडे वळले. इतके दिवस हा प्रश्न मी राखून ठेवला होता. ती आजवर आईचं वाक्य बाबांना आणि बाबांचं वाक्य आईला सांगत आली होती. मी विचारलं, "रुचिता, तुला काय हवंय?"

परबांनी लगेच सुरुवात केली, "आता तिला काय, लग्न नीट..."

परबबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "थांबा. तिला विचारलंय."

माझ्या त्या खोलीत, माझ्या सगळ्या नोकरीत, हे वाक्य माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. माझे डोळे भरून आले, ते मी समोरचा केसपेपर उगाच वाचून लपवले.

रुचिताला वेळ लागला. तोंड उघडायची, परत मिटायची. मला वाटलं, गेला पुन्हा आवाज. परबही तसेच घाबरले असावेत, कारण त्यांची खुर्ची करकरली. पण ती फक्त शब्द शोधत होती. स्वतःचं वाक्य बोलायची सवय नव्हती तिला.

"मला लग्न करायचंय," ती म्हणाली. आवाज जरा घोगरा होता, पण पुरेसा होता. "पण तुमचं आता जमायला लागलंय म्हणून नाही. तुमचं जमलं तरी मी जाणार, नाही जमलं तरी जाणार. आणि बोरिवलीला फोन करून मला सांगायचं नाही, सांग तुझ्या बाबांना. मी नाही सांगणार."

परबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मी तोंड घट्ट मिटून बसले होते, आणि ज्यांना मी माहीत आहे त्यांना ते किती अवघड गेलं असेल ते कळेल. मग परबबाई वळल्या. माझ्याकडे नाही, मुलीकडेही नाही. नवऱ्याकडे.

"ऐकलात?" त्यांनी विचारलं.

त्या तिरफळाशिवायच्या बांगड्यानंतर त्यांनी नवऱ्याला विचारलेला, माझ्या माहितीतला तो पहिला प्रश्न होता; भांडणातही त्या नुसतं सुनवायच्या. परबांच्याही ते लक्षात आलं असणार, कारण भिंतीकडे न बघता ते तिच्याकडे वळले.

"ऐकलंय," ते म्हणाले.